भावोजींची बखर

आमच्या भावोजींना “काल कोण जिंकलं?” असं कुणी विचारलं की ते चष्मा काढून पुसायला लागतात. हरलेले असतात म्हणून नव्हे; हरण्याची त्यांना सवय आहे. प्रश्न त्यांना पोरकट वाटतो. “निकाल सोड गं,” ते म्हणतात, “लढाई कशी झाली ते ऐक.” आणि वही येते. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक टाकलेली, कडेला तीन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवलेली. वही आली की ताई चहाचं आधण उतरवून ठेवते. चहा आता अर्ध्या तासाने लागणार, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सदाशिव पेठेतले. नोकरी सगळी डर्बीच्या रेल्वे कारखान्यात झाली, घर नॉटिंगहॅमला लागून असलेल्या बीस्टनमध्ये. मी लेस्टरला राहते, म्हणजे इकडच्या हिशेबाने शेजारीच. माणूस इतका मवाळ, की न्हाणीघरात कोळी दिसला तर त्याच्यावर पेला उपडा घालतात, खालून पोस्टकार्ड सरकवतात आणि त्याला बागेत सोडून येतात. वर ‘बाहेर गारठा आहे’ म्हणून हळहळतात. असा हा गृहस्थ दर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर दोन-तीन हजार माणसं कापून काढतो आणि रात्री बसून त्यांची नोंद करतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलावर सहा फूट बाय चार फुटांची फळी ठेवायची, तिच्यावर हिरवं कापड. कापडाखाली पुस्तकं सरकवली की टेकड्या होतात. बीस्टनमधली सगळ्यात उंच टेकडी कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची आहे, दोन्ही भाग एकावर एक. मग त्या मुलखात सैनिक उतरतात. कथलाच्या मिश्रधातूचे नाहीतर प्लॅस्टिकचे, उंची अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे इंचाहून जेमतेम जास्त. प्रत्येकाला बुटापासून भुवईपर्यंत हाताने रंग दिलेला. मोजपट्टी लावून पलटणी पुढे सरकवायच्या आणि गोळी लागली की नाही ते फाशांनी ठरवायचं. नियमांचं पुस्तक जाडजूड, आणि त्यातल्या कुठल्याही नियमाचे निदान दोन अर्थ निघतात. हे सगळं करणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची, गुडघे कुरकुरणारी, एकमेकांना बिस्किटं पुढे करत एकमेकांचं घोडदळ उडवणारी.

नॉटिंगहॅमच्या आसपास हा शौक हवेतच आहे. असे सैनिक बनवणारे लहान-मोठे कारखाने इथे इतके, की शौकीन मंडळी या भागाला ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. पूर्वी सैनिक शिशाचे असत, नाव तेवढं राहिलं. वॉरहॅमरवाल्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय तर बीस्टनच्या बाजूलाच, लेंटनला. भावोजींचा नातू तिकडे रमतो; त्याच्याकडे अंतराळातले चिलखती शिपाई आहेत आणि हिरवे राक्षस आहेत. भावोजी त्याला राक्षस रंगवायला मदत करतात, पण स्वतः त्या वाटेला जात नाहीत. “राक्षसाच्या गणवेशाचं बटण बरोबर आहे की चूक, हे तपासायचं कुठे?” हा त्यांचा आक्षेप.

आपण एकटेच वेडे नाही, हे सिद्ध करायची त्यांना फार हौस. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी लढाईचा खेळ मांडून दाखवला, इथून ते सुरुवात करतात. पण त्यांचा खरा जीव लेखकांवर. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ लिहिलं. त्यात फासे नाहीत, स्प्रिंगची खेळण्यातली तोफ झाडून सैनिक खरोखर आडवे करायचे. पुढच्याच वर्षी जगाने तो खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला, असं भावोजी सांगतात आणि एक क्षण थांबतात. वेल्सच्याही आधी स्टीव्हन्सन, ‘ट्रेझर आयलंड’वाला. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला राहत होता. तिथे माळ्यावर सावत्र मुलाबरोबर कथलाच्या सैनिकांची युद्धं लढे आणि त्या युद्धांच्या बातम्या लुटुपुटुच्या वर्तमानपत्रांसाठी वार्ताहराच्या थाटात लिहून काढी. मग येतात डोनाल्ड फेदरस्टोन. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात, नंतर साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे फिजिओथेरपिस्ट. १९६२ साली त्यांचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि इंग्लंडातल्या कितीतरी गृहिणींची जेवणाची टेबलं गेली.

“बघ,” भावोजी म्हणतात, “खेळले पुष्कळ. उरले ते लिहिणारे.”

“ते पुस्तकं विकत होते,” ताई आतून म्हणते. “तुम्ही वह्या विकत घेता.”

मुळात हे खूळ इंग्लंडचं नव्हेच, असं माझं मत आहे. ते पेठेतल्या अंगणात लागलेलं आहे. दिवाळीला दगड-विटा रचून, पोतं चिखलात बुडवून त्यावर पसरायचं, गेरूने तट रंगवायचे, डोंगरउतारावर आळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणायचे. हे आपण सगळ्यांनीच केलं आहे. पण आपण भाऊबीज झाली की किल्ला मोडून मोकळे झालो. भावोजींनी म्हणे शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं, कुठल्या बुरुजावर कोण उभा होता, आळीव कितव्या दिवशी उगवले, शेजारच्या वाड्यातल्या पोरांनी तोफ कधी पळवली. त्या काळात प्रमाणाची फिकीर नव्हती. मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ हत्तीएवढा, आणि दिंडी दरवाज्यापाशी शिट्टी धरलेला ट्रॅफिक हवालदार. तेच भावोजी आता पंचवीस मिलिमीटरचा घोडेस्वार अठ्ठावीसच्या रांगेत उभा राहिला तर अस्वस्थ होतात, जेवताना तीनदा उठून बघून येतात.

“तेव्हा दिवाळीपुरतं होतं,” ताई म्हणते. “आता बारा महिने दिवाळी.”

त्यांची रंगकामाची बैठक बघण्यासारखी असते. खिडकीपाशी छोटं मेज, वाकवता येणारा दिवा, कपाळाला भिंग. औषधाच्या बाटलीच्या बुचावर सैनिक चिकटवलेला, ते बूच डाव्या हाताच्या चिमटीत. उजव्या हातात दोन शून्यांचा ब्रश, त्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करायची वाईट खोड. शेजारी दोन कप, एकात ब्रश धुवायचं पाणी, दुसऱ्यात चहा. पुढे काय होतं ते सांगायला नको. या शौकातल्या प्रत्येकाने कधी ना कधी प्रशियन निळ्या रंगाचा घोट घेतलेला असतो. सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर वाळू आणि भुसागवत चिकटवायचं, त्यासाठी ताईची बारीक चाळणी गेली. बर्चच्या झाडाच्या बियांचे तुरे चुरगाळले की त्यातून इवलीइवली पानं निघतात, अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाला ती बरोबर पाचोळ्याएवढी होतात. शरद ऋतूत भावोजी पिशवी घेऊन फिरायला जातात ते त्यासाठी. शेजारणीचा समज आहे की ही काहीतरी आयुर्वेदिक औषधाची तयारी असावी. तो समज कुणी दूर केलेला नाही.

तर वही.

वहीत काय नसतं? तारीख असते, बाहेरचं हवामान असतं, कोण कोण आलं होतं, कोण उशिरा आलं होतं. रंगीत पेन्सिलींनी काढलेला नकाशा असतो, त्यात नदी निळी आणि ‘रुचिरा’ तपकिरी. सुरुवात इंजिनियरची: रकाने, इंच, नग. दुसऱ्या पानावर रकाने मोडतात आणि तिसऱ्या पानापासून बखरकार बोलायला लागतो. उजवी फळी कचरते. सरदारांचं धैर्य खचतं. गर्दी एकच होते. फाशावर दोनदा लागोपाठ एक पडला असेल तर त्याची नोंद अशी, की वाचणाऱ्याला वाटावं ईश्वरी संकेतच तसा होता. शेवटी चहाबरोबर काय होतं ते.

वही मराठीत आहे, आणि ताई पुण्यात असताना शाळेत मराठी शिकवायची. त्यामुळे समासात पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असतात. भावोजी त्या दुरुस्त्या गुपचूप शाईने गिरवतात. त्या बाबतीत दोघांत कधी चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं नाही. क्वचित ताईची दुरुस्ती व्याकरणापुरती राहत नाही. एका पानावर ‘अल्पोपाहार उत्तम झाला’ याच्या शेजारी तिने लिहिलं आहे: शंकरपाळे मी केले होते, कर्ता लिहावा.

“या वह्यांचा उपयोग काय?” असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी मला एक पान दाखवलं. शिंद्यांच्या एका पलटणीच्या पगडीचा निळा: दोन थेंब निळा, एक थेंब करडा, वाळल्यावर पातळ तपकिरी हात, मग कोरड्या ब्रशने उजळ कड. फार पूर्वी, वही नीट ठेवत नव्हते तेव्हा, त्यांनी एक पलटण अर्धी रंगवून सोडली होती. बऱ्याच काळाने उरलेली अर्धी रंगवायला घेतली आणि तो निळा काही केल्या जमेना. ती पलटण अजून आहे. डावीकडून बघितली तर एका राज्याची, उजवीकडून दुसऱ्या. या शौकिनांच्या क्लबात तिला ‘आघाडी सरकार’ म्हणायची सोय नाही, कारण तिकडे कुणाला कळणार नाही. भावोजी ते फक्त माझ्याकडे म्हणतात.

पण पगडीचा निळा हे सांगायचं कारण. वहीचं खरं काम त्यांच्या जिन्याखाली दिसतं. या शौकातल्या प्रत्येकाच्या घरी न रंगवलेल्या सैनिकांचा एक ढीग असतो, त्याला मंडळी शिशाचा डोंगर म्हणतात. डोंगर कमी होत नाही, कारण रंगवण्याचा वेग ठरलेला आणि खरेदीच्या वेगाला मर्यादा नाही. आज नेपोलियन, उद्या रोमन, परवा कुणीतरी छान झुलू दाखवले की झुलू. भावोजींनी यावर उपाय काढला आहे. नवीन पलटण आणली की वहीत तिच्या नावाचं एक पान सोडायचं. वर नाव, खाली काही नाही. आणि हा माणूस कोरं पान सहन करू शकत नाही. फ्लूमध्ये अंथरुणात बसून त्यांनी मद्रासच्या पायदळाचे पट्टे पांढरे केले, ते केवळ त्या पानाच्या धाकाने. माझ्या माहितीत अर्धवट राहिलेले स्वेटर, अर्धवट राहिलेले पीएचडीचे प्रबंध आणि अर्धवट बांधलेले बंगले पुष्कळ आहेत. भावोजींच्या पलटणी मात्र पुऱ्या होतात.

वहीच्या शेवटच्या पानावर जमाखर्च. जमा म्हणजे विकत घेतलेले, खर्च म्हणजे रंगवलेले. एकतीस डिसेंबरला बेरीज होते आणि एक तारखेला “या वर्षी खरेदी बंद” अशी घोषणा. ती टिकते नेवार्कच्या पार्टिझन प्रदर्शनापर्यंत. तिथून येताना भावोजी पुड्या कोटाच्या आतल्या खिशांत घालून गॅरेजच्या दाराने घरात शिरतात. पावलं वाजू देत नाहीत, कोट स्वतः अडकवतात. आणि रात्री, प्रामाणिकपणे, वहीत किमतीसकट नोंद करून वही टेबलावर उघडी ठेवतात! ताईसमोर खोटं बोलणं त्यांना जमतं, वहीसमोर नाही. ताईही काही बोलत नाही. फक्त त्या आठवड्यात घरात साधारण तेवढ्याच किमतीची कढई येते.

नवी पलटण पहिल्याच लढाईत पळते, हा या मंडळींचा अनुभवसिद्ध नियम आहे. महिनाभर डोळे फोडून रंगवावी आणि पहिल्या तोफेला ती टेबलाच्या कडेला. इंग्लंडभर सगळे हेच सांगतात. भावोजींनी मात्र वह्या काढून तपासलं. नव्या पलटणी जुन्यांइतक्याच पळतात, असं निघालं. नव्या पळाल्या की लक्षात राहतं, एवढंच. हे त्यांनी क्लबात सांगितलं तेव्हा लोक नाराज झाले. श्रद्धेला हात घातला म्हणून एकाने त्या दिवशी त्यांना बिस्किट दिलं नाही.

आता असईचं सांगते, कारण भावोजींना समजून घ्यायचं तर असई टाळता येत नाही.

असई आपल्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होत्या. वेलस्लीजवळ मैदानात जेमतेम साडेचार हजार माणसं, त्यातली पंधराशेच्या वर मेली नाहीतर जखमी झाली, खुद्द त्याच्या मांडीखालचे दोन घोडे पडले. म्हातारपणी त्याला आयुष्यातली सर्वोत्तम लढाई विचारली तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. इंग्रज शौकिनांना ही लढाई फार प्रिय. साहजिकच आहे. क्लबात दर सप्टेंबरला ती मांडली जाते आणि भावोजींना दर सप्टेंबरला मराठ्यांची बाजू मिळते. “तुमचीच माणसं,” असं मोठ्या आदराने सांगून.

“माझी कसली?” भावोजी घरी येऊन चिडतात. “आमचं घराणं गुहागरचं. सात पिढ्यांत कुणी पळी-पंचपात्राहून जड काही उचललं नाही!” पण क्लबात ते हे बोलत नाहीत. तिथे ताठ बसतात.

वेलस्ली खेळतो एक निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं पत्रं वाटलेली, त्यामुळे फौज कुठून कशी वळवायची याचं त्याला उपजत ज्ञान. खऱ्या लढाईत वाटाड्यांनी ‘केळणा नदीला इथे उतार नाही’ असं सांगितलं होतं. वेलस्लीने दुर्बिणीतून समोरासमोर दोन काठांवर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की दोन गावं अशी वसली आहेत म्हणजे मधे उतार असणारच. तिथून तो पलीकडे गेला आणि मराठ्यांच्या बगलेवर उतरला. भावोजींचा सगळा जळफळाट त्या उतारावर आहे. दर वर्षी ते म्हणतात, पिंपळगावच्या त्या उतारावर चार तोफा ठेवू द्या. दर वर्षी पंच म्हणतो, इतिहासात नव्हत्या. एका वर्षी पंच सर्दीने बेजार होता. तो म्हणाला, ठेवा. क्लबात शांतता पसरली. वेलस्लीची आघाडी पाण्यात उतरली, भावोजींनी उभं राहून चार फासे हातात घोळवले, मनात बहुधा गणपतीचं नाव घेतलं, आणि टाकले. चारही फाशांवर एक.

पोस्टमन कोरड्या पायांनी नदी पार झाला.

त्या रात्री भावोजी दोन वाजेपर्यंत लिहीत होते. ती नोंद वहीतली सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. शत्रूच्या तुकड्या पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या, हे खऱ्या असईत घडलं होतं. भावोजी त्यासाठी गोलंदाज आधी आडवे ठेवतात आणि मग एकेकाला बोटाने उभं करतात. त्या दिवशी त्यांनी उभे केले, फासेही बरे पडले, पोस्टमनची घोडेस्वार पलटण गडबडली आणि पाच मिनिटं तरी इतिहास बदलतो की काय असं झालं. मग नाही बदलला. पण ती पाच मिनिटं त्यांनी तीन पानं लिहिली आहेत. पोस्टमनही आता एक छोटी वही ठेवतो, भावोजींच्या नादाने. त्याच दिवसाची त्याची नोंद मी पाहिली आहे: जिंकलो, केक बरा होता.

माझ्या मते भावोजींना वहीचं हेच मोठं देणं आहे. जिंकणाऱ्याला सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि हरणाऱ्याला रात्र पुरत नाही. भावोजींना हे परकं वाटायचं कारणच नाही. ज्या मुलखात पानिपतावर ‘भाऊसाहेबांची बखर’ लिहिली गेली आणि पेशव्यांच्या रोजनिश्यांचे खंड छापले गेले, त्याच पेठांमधला हा माणूस. हरायचं आणि तपशीलवार लिहायचं, ही त्यांची परंपराच आहे. जावयाचं कौतुक म्हणून हे म्हणत नाही. त्यांची सासुरवाडी म्हणजे आम्ही, आणि आमच्याकडे कुणी साधा दुधाचा हिशेब लिहीत नाही.

वहीने दिलेलं आणखी एक आहे. क्लबात भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक होते, तोफखान्याचे दर्दी, स्वभावाने घुमे. ते गेले. महिन्याभराने त्यांची पत्नी बीस्टनला आली आणि चाचरत म्हणाली, तुमच्या वहीत त्यांच्याबद्दल काही असेल का? भावोजींनी सगळ्या वह्या काढल्या. त्यांचा भाग असलेली प्रत्येक लढाई इंग्रजीत उतरवून काढली, ताईने ती टाइप केली, शिवून पाठवली. चार दिवसांनी बाईंचा फोन. ती हसत होती की रडत होती ते ताईला कळेना. टेबलाखाली पडलेला फासा शोधताना मास्तरांची विजार फाटली आणि ते हसून हसून जमिनीवरच बसले, असं वहीत होतं. “ती विजार मी शिवली होती,” बाई म्हणाली, “आणि मला सांगितलं होतं की बसच्या दारात अडकली.” त्या दिवसापासून ताईने ‘उपयोग काय’ हा प्रश्न विचारणं सोडलं आहे. चाळणी मात्र नवी आणून स्वतःच्या कपाटात ठेवली आहे.

असा एक माणूस बहुतेक घरांत असतो. प्रत्येकाच्या हातात सैनिक नसतात, इतकंच. कुणी गाडीत पेट्रोल भरलं की किलोमीटर लिहितो. कुणी पावसाचे मिलिमीटर लिहितो आणि सरकारी आकडा वेगळा आला की सरकारला हसतो. माझ्या एका मामेसासऱ्यांनी आयुष्यभर गडांच्या वाटा लिहिल्या, कुठे पाणी लागलं आणि कुठे कुत्रं लागलं यासकट. घरातले त्यांना हसतात, आणि लग्नाची तारीख, आंब्याचा भाव किंवा जुनं भांडण नेमकं कशावरून झालं हे पाहिजे असलं की त्यांच्याकडेच जातात. आमच्या घरातलं उत्तर ठरलेलं असतं: “थांब, वहीत आहे.” एकदा माझ्या धाकट्या मुलीचं बारसं कुठल्या रविवारी झालं यावर वाद पडला. वहीत सापडलं. वॉटर्लूच्या दुसऱ्या दिवशी.

सध्या भावोजी वडगावच्या मागे आहेत. जानेवारी १७७९. मुंबईची इंग्रज फौज राघोबादादांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आली, तळेगावला मराठ्यांनी गाव जाळून आणि दाणापाणी तोडून तिचं स्वागत केलं. मग इंग्रजांनी जड तोफा तिथल्या तळ्यात टाकल्या आणि रात्रीतून माघार घेतली. वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना घेरलं आणि तह करायला लावला. लढाई आपण जिंकलेली, वर्णन करायला झकास, पण इंग्लंडात मांडायची तर अडचण अशी की इंग्रजांच्या बाजूने खेळायला कुणी तयार होत नाही. सगळा वेळ बैल हाकायचे आणि शेवटी सही करायची, असं त्यांचं म्हणणं. मागच्या वेळी पोस्टमन असईची उतराई म्हणून बसला.

त्या लढाईसाठी भावोजींनी एक सैनिक असा रंगवला आहे की तसा त्यांनी स्वतःच्या बाजूचाही रंगवलेला नाही. कॅप्टन स्ट्युअर्ट, आपला इष्टुर फाकडा. शत्रूने ज्याच्या शौर्याला ‘फाकडा’ म्हणून दाद दिली, आणि ज्याची समाधी वडगाव मावळला अजून लोक मानतात, तो. डोळ्यांत पांढरा ठिपकासुद्धा आहे, भिंगातून दिसतो. खरा फाकडा कार्ल्याजवळ तोफगोळ्याने गेला. टेबलावर ती वेळ आली तेव्हा भावोजींना पाच किंवा सहा हवा होता. फासा टाकताना त्यांचा हात जड झाला हे मी स्वतः पाहिलं. दोन पडला. नोंदीत लिहिलं आहे: फाकडा बचावला. इतिहासाच्या दृष्टीने अयोग्य, परंतु सर्वांस संतोष वाटला. समासात ताईची पेन्सिल: मलाही.

येत्या जानेवारीत वडगाव पुन्हा मांडायचं आहे. पोस्टमनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यामुळे मुंबईच्या फौजेला सध्या सेनापती नाही. वाचकांपैकी कुणी त्या सुमारास नॉटिंगहॅमकडे येणार असेल तर जरूर कळवावं. पूर्वानुभवाची गरज नाही, फासे आणि शंकरपाळे घरचे आहेत, मुक्कामाची सोय होईल. हरण्याची तयारी ठेवून यावं.